थप्पी झाल्याचे बटण

इसवी सन दोन हजार पंचवीस, नोव्हेंबर महिन्याची अठरा तारीख, वार मंगळवार, सकाळचे साडेदहा; स्थळ सोलापूर शहर, होटगी रस्त्यावरील एका टॉवेलांच्या दुकानाच्या माथ्यावरचा दुसरा मजला. या मजल्यावर 'नवपटल सॉफ्टवेअर' नावाची संस्था नांदत होती, आणि वर नमूद केलेल्या घटकेला त्या संस्थेतील एका बटणाचा प्रश्न बाविसाव्या दिवसात प्रविष्ट झाला.

बटण एकच होते आणि ते अद्याप जन्माला आले नव्हते. बाळीवेशीतल्या गौरम्मांच्या कडक भाकरी केंद्रासाठी अ‍ॅप करायचे होते. भाजणाऱ्या बाईची पंचवीस भाकऱ्यांची थप्पी पुरी झाली की तिने आपल्या पडद्यावरचे बटण दाबायचे, बांधणाऱ्या बाईने ती थप्पी उचलली की तिने आपल्या पडद्यावरचे दाबायचे, आणि मागणीपैकी किती झाले ते गौरम्मांना बसल्या जागी कळायचे, एवढीच त्याची कामगिरी. आजवर हे काम आरोळीवर चालत आले होते. बावीस बायका, अकरा चुली, भाकरी थापण्याचा अखंड पडघम आणि त्यात "थप्पी झाली गं!" ही आरोळी, ती कोणाची, कितवी आणि एकदाच की दोनदा, हे ठरवण्यात गौरम्मांचा दिवस जाई. पुण्याच्या एका वसतिगृहाला चार थप्प्या जास्त पोहोचत आणि पंढरपूरच्या लॉजवाल्याचा कमी आल्याचा फोन येई.

असे एक बटण करायला तीन आठवडे का लागावेत, असे जो विचारील त्याला राजशेखर हत्तुरे याचा परिचय नाही असे समजावे.

राजशेखर एकतीस वर्षांचा होता. त्याचे मत असणे म्हणजे ते लेखी, क्रमांकित आणि तळटीपांसह असणे. पडदा हा मूर्ख असला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. पडद्याने दाखवावे, कोणी स्पर्श केला तर आत वर्दी द्यावी, आणि यापलीकडे जगातले काहीही जाणू नये. मोजणे, ठरवणे, नाकारणे ही कामे आतल्या निराळ्या दालनात व्हावीत. पडद्याची वर्दी आत जाईल, आत निर्णय होईल, निर्णयातून आलेली नवी स्थिती पडद्यावर उमटेल. प्रवाह एकाच दिशेने, उलटा कधीही नाही. या रचनेला धंद्यात एमव्हीआय म्हणतात, आणि राजशेखर ही अक्षरे अशा स्वरात उच्चारी की ऐकणाऱ्याला पायातल्या चपला काढाव्याशा वाटत. ही रचना तो अँड्रॉइडच्या घरच्या भाषेत, कोटलिनमध्ये, बांधणार होता. कारण पाया शुद्ध हवा.

त्याच्या समोरच्या टेबलावर ऋतुजा टोणपे बसे. ती कुर्डुवाडीची, वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये; ठरल्या वेळी गाडी सुटलीच पाहिजे, हा संस्कार तिच्यावर दुधाच्या दातांबरोबर झाला होता. तिचे मत एका शब्दात मावे, आणि तो शब्द म्हणजे फ्लटर, अ‍ॅप बांधण्याचे एक साधन. एकदाच लिहा, अँड्रॉइडवर चालेल, आयफोनवरही चालेल; एक ओळ बदला, डोळ्यांदेखत पडदा बदलेल; गिऱ्हाइकाला संध्याकाळी दाखवा, त्याने नाक मुरडले तर सकाळी दुसरे दाखवा.

"पण मोजणी कुठे राहील?" राजशेखर विचारी.

"फ्लटरमध्ये."

"फ्लटरमध्ये म्हणजे नेमकी कुठे?"

"फ्लटरमध्ये म्हणजे फ्लटरमध्ये! तू सांग, तुझं ते आयफोनवर कसं चालणार?"

"प्रवाह एकदिश असल्यामुळे."

या संवादात काही बिघडले आहे हे दोघांपैकी कोणालाही बावीस दिवसांत जाणवले नव्हते. वाद चढे तशी दोघांची भाषा मात्र सुधारत जाई. सकाळी 'तू'ने उघडलेला विषय चहापर्यंत 'तुम्ही'वर पोहोचे, आणि जेवणाच्या सुट्टीआधी "आपण अतिशय हट्टी आहात, ऋतुजाताई," "आणि आपण पुस्तकी आहात, पंडितजी," अशी दरबारी वाक्ये ऐकू आली की संस्थेचे मालक हिंदुराव आपल्या खोलीचे दार लावून घेत.

हिंदुराव मूळचे मंगळवेढ्याचे, स्वभावाने थंड. एके काळी ते टंकलेखनाचे वर्ग चालवत; यंत्रावर बोटे पडली म्हणजे कागदावर काहीतरी उमटतेच, हा त्या काळचा विश्वास त्यांनी अजून सोडला नव्हता. त्या मंगळवारी ते हातात फोन घेऊन बाहेर आले आणि उभ्यानेच म्हणाले,

"गौरम्माक्कांचा फोन होता. गुरुवारी अकरा वाजता केंद्रावर या, चुलीजवळ चालवून दाखवा म्हणाल्या. जमलं तर आपलं. न्हाय जमलं तर शुक्रवारी पुण्याचे अ‍ॅपवाले येणार हायत."

त्यांनी फोन खिशात टाकला.

"आणि दुसरं ऐका. हे काम गेलं तर जानेवारीत हा मजला मी सोडणार. मग तुमी दोघं पुण्याला जायला मोकळे. तितं मोठ्या कचेरीत भांडा."

राजशेखरला पुणे ठाऊक होते. पुण्यात त्याने सहा वर्षे काढली होती आणि त्या सहा वर्षांत दुपारचे जेवण कधीही ताटात घेतले नव्हते. सोलापुरात परतून त्याला दोन वर्षे झाली होती. एक वाजता घरी जावे, आईच्या हातचे गरम जेवावे, वडिलांशी कन्नडमध्ये दोन विषयांवर मतभेद नोंदवावेत आणि दोन वाजता परत यावे, या दिनक्रमासाठी त्याने अर्ध्या पगाराला नमस्कार केला होता. तो दिनक्रम आता एका बटणावर लोंबकळत होता.

"सर, मग कोणाची रचना घ्यायची?" ऋतुजाने विचारले.

"दोन्ही करा. अक्का बघतील आणि सांगतील."

पुढचे दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर कोणीही कोणाला 'आपण' म्हणाले नाही, कारण कोणी बोललेच नाही. मंगळवारी संध्याकाळी पाचलाच ऋतुजाच्या फोनवर एक केशरी पडदा झळकू लागला. त्यावर भाकरीचे चित्र, चित्राखाली बटण, आणि बटण दाबले की भाकरी टुणकन उडी मारून थप्पीवर जाऊन बसे. हिंदुरावांनी ती उडी नऊ वेळा पाहिली. राजशेखरनेही पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा पाहिली. त्याच्याकडे त्या वेळी चौदा फाइली होत्या, प्रत्येकीचे कर्तव्य ठरलेले होते, आणि बटण पंधरावीत येणार होते. बुधवारी दुपारी ते आले. पांढऱ्या पडद्याच्या मध्यभागी, करड्या रंगाचे, करंगळीच्या नखाएवढे. राजशेखरने ते दाबले. वर्दी आत गेली, निर्णय झाला, स्थिती परत आली, आणि शून्याचा एक झाला. त्या एकाकडे पाहताना त्याला गहिवरून आले. त्याचा लॅपटॉप जुना असल्यामुळे एक स्वल्पविराम बदलला तरी नवे अ‍ॅप तयार व्हायला अकरा मिनिटे लागत, ही गोष्ट त्याने क्षुल्लक मानली.

गुरुवारी अकरा वाजता तिघे बाळीवेशीत पोहोचले. केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची खोली, आत ज्वारीच्या पिठाचा गोड वास आणि कान बधिर करणारा थपथपाट. टोकाला लाकडी खुर्चीवर गौरम्मा बसल्या होत्या. वय पासष्ट, आवाज असा की चुलीतला जाळ क्षणभर दबकावा.

"या. बूट तिकडं काढा. तम्मा, तू हत्तुऱ्यांचा न्हवं? तुझी आई कशी आहे?"

हा 'तम्मा', म्हणजे कन्नडमधला धाकटा भाऊ, समोर पाहत होता. डाव्या हाताला बायका काटवटीत पीठ मळत होत्या. मळलेला गोळा उजवीकडे सरके. तिथली बाई तो पुढ्यातल्या पाटावर थापे. थापलेली भाकरी आणखी उजवीकडे तव्यावर पडे. तिथून ती मंद आचेच्या तव्यावर जाई, जिथे एक बाई फडक्याने दाबत दाबत तिला कागदासारखी कडक करी. आणि शेवटी थप्पी. कोणतीही भाकरी उलट दिशेने जात नव्हती. कोणतीही बाई दुसरीच्या कामात हात घालत नव्हती.

"एकदिश प्रवाह!" राजशेखर ओरडला. "सर, बघा! एकदिश प्रवाह! भाजणारीला मळणारीचं काही माहीत नाही!"

"माहीत न्हाय कसं?" तव्यावरून एक आवाज आला. "तिच्या सुनंचं बी समदं माहीत हाय मला."

या सोनाबाई. केंद्रातला सगळ्यांत वेगवान तवा त्यांचा, त्यामुळे परीक्षेचा मान त्यांना. त्यांच्याशेजारी भिंतीला ऋतुजाचा फोन टेकवला गेला. भाकरीने टुणकन उडी मारली आणि बायकांमध्ये एकच हशा पिकला.

"अगं, उडती की!"

"सोनाबाय, तुमची भाकरी बी अशी उडली तर पुण्याला आपसूक जाईल!"

ऋतुजाने राजशेखरकडे पाहिले नाही. पण ज्या रीतीने पाहिले नाही, त्यात सारे आले.

थप्पी पुरी झाली. सोनाबाईंनी भाकरीला पाणी फिरवून ओला झालेला, पिठाने माखलेला हात पुढे केला आणि बोट टेकवले. काही झाले नाही. दाबले, काही झाले नाही. मग चारही बोटे फिरवली, आणि पडद्यावर तीन भाकऱ्या एकामागून एक उड्या मारत गेल्या. वरच्या कोपऱ्यात तीन थप्प्या दिसल्या, खालच्या पट्टीत दोन, आणि गौरम्मांच्या हातातल्या फोनवर पाच.

"एका थप्पीच्या पाच झाल्या," गौरम्मा म्हणाल्या. "असं असतं तर मी पीठ कशाला घेतलं असतं?"

ऋतुजाचा चेहरा केशरी पडद्यासारखाच झाला. घाईघाईने लिहिताना तिने मोजणी तीन ठिकाणी ठेवली होती, आणि तिन्ही ठिकाणे आता आपापल्या मनाने मोजत होती.

राजशेखरने आपला फोन पुढे केला. सोनाबाईंनी चारही बोटे फिरवली. एक. पुन्हा फिरवली. एकच. बांधणारीने पहिली थप्पी उचलल्याखेरीज दुसरी जन्मालाच येत नाही, असा नियम आतल्या दालनात बसला होता आणि तो तसूभर हलायला तयार नव्हता. राजशेखरला आकाश ठेंगणे झाले.

"बरोबर मोजतंय हे," गौरम्मा म्हणाल्या.

"पर ह्यात दिसतंय काय?" सोनाबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "धुरात तीळ शोधायचा का मी? बटण हितं हाय का तितं हाय? मोठं करा की जरा."

"करतो," राजशेखर म्हणाला. "अकरा मिनिटांत."

अकरा मिनिटांनी बटण मोठे झाले, पण डाव्या कोपऱ्यात गेले. आणखी अकरा मिनिटांनी मध्यभागी आले, पण अक्षरे फिकट राहिली. तिसऱ्या अकरा मिनिटांच्या मध्यावर चुलीच्या धगीने लॅपटॉप विमानासारखा घोंघावू लागला आणि गौरम्मांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. हिंदुरावांनी ते पाहणे पाहिले आणि रुमाल काढला.

मग जे व्हायचे ते झाले.

"तरी मी सांगत होते," ऋतुजा म्हणाली, "फ्लटरमध्ये हे एका सेकंदात होतं!"

"आणि एकाच्या पाच होतात! मोजणी पडद्यात ठेवली की असंच होणार!"

"तुम्ही आयफोनचं अजून उत्तर दिलेलं नाही!"

"आपण मोजणीचं दिलेलं नाही!"

"आपण चौदा फाइली करून नखाएवढं बटण आणलंत!"

"पंधरा!"

थपथपाट थांबला होता. अकरा चुलींपाशी बावीस बायका हातातले काम तसेच ठेवून ऐकत होत्या, आणि त्यांच्या मुद्रांवर, फुकटचे नाटक पाहायला मिळाल्यावर असतो तो, निर्मळ आनंद होता.

"अक्का," एकीने विचारले, "ही नवराबायको हायती व्हय?"

"न्हाय!" दोघे एका स्वरात म्हणाले.

"मग यवढ्या मानानं का बोलत्याती?"

गौरम्मांनी हात वर केला. 

"तम्मा, मला यातलं कळत नाही. पण मघापासून ऐकते आहे. तू सांगतोस, कुणी मळायचं, कुणी थापायचं, कुणी मोजायचं. खरं की नाही?"

"खरं."

"आणि ही पोरगी सांगते, चूल गॅसची घ्यायची की लाकडाची. खरं की नाही, पोरी?"

"म्हणजे... होय."

"मग भांडण कशाचं आहे? लाकडाच्या चुली होत्या तेव्हाही आमची मळणारी वेगळी होती. गॅस आल्यावरही वेगळीच बसते. गॅस आला म्हणून मोजायचं काम मी तव्याला दिलं नाही."

राजशेखरने मनात हिशेब केला. बावीस दिवसांत त्याने नऊ टिपणे लिहिली होती, त्यांतल्या चाळीस मुद्द्यांपैकी प्रत्येक मुद्दा अजूनही खरा होता, आणि त्यांतला एकही ऋतुजाच्या विरुद्ध नव्हता.  ऋतुजा त्याच्याकडे पाहत होती. आधी तिचा एक खांदा हलला, मग दुसरा. मग ती पिठाच्या डब्यावर बसून अशी हसू लागली की तिचा चष्मा घसरून पिठात पडला.

"एमव्हीआय," ती कशीबशी म्हणाली, "फ्लटरमध्ये लिहिता येतं रे, राजशेखर!"

"अर्थात येतं!" राजशेखर म्हणाला, आणि मग स्वतःचेच वाक्य ऐकून त्यालाही हसू फुटले. "अर्थात येतं! कोणीही सांगेल! तू विचारलंस का मला?"

"तू सांगितलंस का मला?"

हिंदुराव हसले नाहीत. आपण या दोघांना तीन आठवड्यांचा पगार कशाबद्दल दिला, हा विचार त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येत होता.

पाऊण तास दोघे डब्यांवर बसून राहिले. राजशेखर आपल्या आतल्या दालनातले नियम एकेक करून मोठ्याने वाची, ऋतुजा ते आपल्या लॅपटॉपवर उतरवी. तीन ठिकाणची मोजणी उपटली गेली आणि एकाच जागी स्थिरावली. मग पडद्याची पाळी आली, आणि तिथे मात्र नियम कोणाचाच चालला नाही, कारण ओळ बदलताक्षणी पडदा बदलतो हे बायकांच्या ध्यानात आले होते.

"लाल नको गं, जाळासारखं दिसतंय!"

"हिरवं कर! शालूसारखं!"

"ती उडती भाकरी ठेव हां, काढू नको!"

"पण बोट लागतच नाही त्याचं काय?" ऋतुजाने विचारले. "हात धुवून दाबता येईल का?"

"पंचवीस भाकरीला एकदा हात धुतला तर तवा काय माझी वाट बघंल?" सोनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी क्षणभर विचार केला, पदर खोचला, पुढे झुकल्या आणि कोपराने फोन ढोसला. "ह्याला चालतंय का बघा. कोपराला पीठ नसतं."

राजशेखर ताडकन उभा राहिला. पडद्याने फक्त वर्दी द्यायची. वर्दी बोटाची की कोपराची, हे आत कोणी विचारतच नाही! त्याने हे वाक्य मोठ्याने उच्चारले, दोनदा. ऋतुजाने सगळा पडदाच बटण केला, काठापासून काठापर्यंत हिरवा, मध्ये बोटभर उंचीची अक्षरे: थप्पी झाली. आतल्या नियमांतली एक ओळही बदलावी लागली नाही. मग बावीसच्या बावीस बायकांनी रांगेने येऊन कोपर लावून पाहिले. दोघींनी दोनदा लावले. एकीने हनुवटी लावली आणि तीही चालली. हिंदुरावांनी कोणाचे लक्ष नाही असे पाहून आपले कोपर लावले, आणि भाकरी त्यांच्यासाठीही उडाली.

"आता खरं काम," गौरम्मा म्हणाल्या. "एक तास. मी आपली वेगळी मोजते."

तो तास राजशेखरने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. चुली धडधडत होत्या, अकराही चुलींच्या बायका त्या एकाच फोनला कोपर लावत होत्या, बांधणारी दुसऱ्या फोनवर उचल नोंदवत होती, भाकऱ्या उडत होत्या. तास संपला. गौरम्मा खुर्चीवरून उठल्या, बांधलेल्या थप्प्यांवरून बोट फिरवत खोलीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"माझ्या सत्तेचाळीस," त्या म्हणाल्या. "तुझं काय म्हणतंय?"

पडद्यावर अठ्ठेचाळीस होते.

थपथपाट विरला. राजशेखरच्या डोळ्यांपुढून ताट, आई, एक वाजताचे घर सरकत सरकत पुण्याच्या रस्त्याला लागले. त्याचा हात लॅपटॉपकडे गेला. ऋतुजाने तो मनगटाला धरून मागे ओढला.

"हात लावू नकोस. नियम बरोबर आहेत. मी एकेक उतरवलाय."

"पण एक जास्त आहे!"

"मग एक कुठंतरी असली पाहिजे."

हे वाक्य बोलायला धैर्य लागते, आणि ते ऐकून राजशेखरला आपल्याच शास्त्राची लाज वाटली. कारण त्यावर विश्वास ठेवण्यात ती त्याच्या पुढे गेली होती. गौरम्मांनी पुन्हा मोजले. सत्तेचाळीस. बांधणारीने पदराखाली पाहिले, टोपल्यांमागे पाहिले, वजनकाट्याखाली पाहिले.

"अक्का," सोनाबाई तव्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "एक थप्पी बांधणारीच्या फोनला कोपर लावून मीच उचलली आन् तिकडं झाकून ठिवलीया. शेंगाची चटणी बी हाय तिच्याबर."

"का गं?"

"ह्या तिघांच्या जेवणाला. दोन वाजायला आले की! तीन आठवडं भांडूस्तवर मानसाला भूक लागत न्हाय व्हय?"

फडके उचलले गेले. पंचवीस भाकऱ्या, एकीवर एक, आणि वर चटणीची वाटी. राजशेखरने त्या स्वतः मोजल्या, आणि पंचविसाव्या भाकरीशी येईपर्यंत त्याला हसू अनावर झाले होते; ऋतुजा तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती, आणि हिंदुराव, जे सहसा हसत नसत, ते चटणीची वाटी हातात धरून गदगदा हलत होते.

गौरम्मा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोन एकदा डोळ्यांजवळ धरला, एकदा लांब धरला, आणि सोनाबाईंच्या तव्याजवळ भिंतीला परत टेकवला.

"माझं चुकलं, ह्याचं बरोबर आलं," त्या म्हणाल्या. "काम तुमचं. सोमवारपासून अकराही चुलींवर लावा."